डिंकाच्या लाडवापासून ‘जॉइंट सपोर्ट’च्या डब्यापर्यंत

आजचा विषय आहे गुडघे. म्हणजे गुडघ्यांसाठी आपण जे डबे, पुड्या आणि कॅप्सूल विकत आणतो, त्यांचा इतिहास.

मी राहतो माणला. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा तुम्ही ऐकला असेल, तो आमच्याच गावच्या जमिनीवर उभा आहे. इथल्या मेडिकलच्या दुकानात हल्ली खोकल्याच्या बाटल्या कोपऱ्यात गेल्यात आणि मधल्या फळीवर मोठे डबे आलेत. ग्लुकोसामाइन, कोलॅजन, शल्लकी, हळदीचा अर्क. घेणारे कोण? चाकणच्या कंपनीत पाळीभर उभं राहून लाइनवर काम करणारे आहेत. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी जिमला जाणारे आहेत. आणि ज्यांची उमर भातलावणीत, चिखलात वाकून गेली त्या गावातल्या बायका आहेत. माझी आत्या या शेवटच्यांतली. तिनं एक दिवस डबा पुढे केला आणि विचारलं, “हे चालू ठेवू का रे? महिन्याला दीड हजार जातात.”

आत्याला उत्तर द्यायचं म्हणून मी डबा वाचायला घेतला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘सांध्यांच्या आरोग्यासाठी साहाय्यक’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मागच्या बाजूला, भिंग लागेल अशा अक्षरांत, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही! दुखतंय म्हणून घ्यायचं आणि औषध म्हणून घ्यायचं नाही, हे कसं काय? या दोन ओळी एकाच डब्यावर कशा आल्या, त्याचीच ही गोष्ट आहे. आणि त्यातला मोठा भाग पुण्यात घडलेला आहे, हे मला वाचायला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

सुरुवात घरातून करू. आपल्याकडे हाडासांध्यांसाठी काय खायचं म्हटलं की पहिलं नाव डिंकाच्या लाडवाचं. तुपात डिंक तळायचा, तो लाहीसारखा फुलतो, मग खारीक, खोबरं, खसखस, गूळ. चांगला डिंक म्हणजे धावड्याचा, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात, आणि धावडा हा सह्याद्रीच्या उतारांवरचा आपलाच झाड. पण हा लाडू मुख्यतः कुणासाठी व्हायचा ते बघा. बाळंतिणीसाठी आणि थंडीसाठी. बाळंतपणात झीज झालेल्या बाईला तूप, गूळ, सुकामेवा पोटभर मिळावा, याचा तो घरगुती बंदोबस्त होता. बाकीच्या वर्षात त्याच बाईच्या ताटात काय पडायचं, हे वेगळं सांगायला नको. लाडवातला डिंक रासायनिकदृष्ट्या साखरेच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि आतड्यात तो बराचसा तंतुमय पदार्थासारखाच वागतो. तो गुडघ्यापर्यंत जाऊन सांधा चिकटवतो, ही समजूत डिंकाच्या चिकटपणावरून आलेली असावी. कांडवेलीचंही तसंच. तिला हाडसांधी म्हणतात, कारण तिची कांडी हाडाला हाड जोडल्यासारखी दिसतात. दिसण्यावरून गुण ओळखायची ही पद्धत जगभर होती. फरक एवढाच की कांडवेलीची नंतर तपासणी झाली. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी मोडलेलं हाड भरून येण्यावर तिचा परिणाम अभ्यासला. डिंकाच्या लाडवाच्या वाट्याला असं भाग्य काही आलं नाही. त्यानं त्याला कमीपणा येत नाही, लाडू लाडवाच्या जागी उत्तमच आहे.

आणखी एक मुळशीचा पदार्थ सांगतो, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या, खाचराच्या कडेला काळे खेकडे मिळतात. त्यांचे पाय कुटून, पाण्यात गाळून जो रस्सा होतो, तो आमच्याकडे सर्दीवर, अशक्तपणावर आणि कंबरदुखीवरही दिला जातो. खेकडा लक्षात ठेवा.

आता वैद्यांकडे येऊ. चरकसंहितेत वाताच्या विकारांच्या अध्यायात सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे; सूज हाताला हवेनं भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते, असं तिथं म्हटलंय. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं सुजलेले गुडघे दाबून पाहिले होते एवढं नक्की. या दुखण्यावर वैद्यांचा मोठा भरवसा गुग्गुळावर होता. गुग्गुळ म्हणजे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातल्या काटेरी झुडपाची राळ. ती त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करायची, इतर द्रव्यांबरोबर कुटायची आणि गोळ्या वळायच्या. प्रत्येक वैद्य हे आपल्या घरी, आपल्या रोग्यासाठी करायचा. रोगी समोर, त्याची नाडी हातात, आणि गोळी त्याच्यापुरती.

हे बदललं १८७२ साली. त्या वर्षी पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. पुढे १८९९मध्ये सांडू बंधूंचा व्यवसाय उभा राहिला. आता वैद्य पुण्यात, रोगी सोलापुरात आणि गोळी पनवेलची, असं होऊ शकत होतं. मला या इतिहासातलं हे सगळ्यांत मोठं वळण वाटतं, पुढच्या कॅप्सूलपेक्षाही मोठं. कारण गोळी एकदा बाटलीत शिरली की वैद्याशिवायही प्रवास करू शकते. बाटलीवर काय लिहायचं, हा प्रश्न तिथं जन्माला आला.

त्या प्रश्नाला सरकारनं १९५४ साली एक कडक उत्तर दिलं. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा त्या वर्षी झाला. त्याच्या परिशिष्टात रोगांची यादी आहे. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करायची नाही. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू वगैरेंबरोबर त्या यादीत ‘ऱ्हुमॅटिझम’, म्हणजे आपण ढोबळपणे ज्याला संधिवात म्हणतो तो, आहे. ‘संधिवात मुळापासून बरा करतो’ असं छापणं त्यामुळे गुन्हा ठरलं. भिंतींवरच्या रंगवलेल्या जाहिराती पाहिल्या तर हा कायदा किती पाळला जातो ते कळतंच. पण मोठ्या कंपन्या सावध असतात. ‘बरा करतो’ गेलं आणि ‘आरोग्यासाठी साहाय्यक’ आलं. डब्यावरची पहिली ओळ ही अशी, कायद्याच्या धाकानं गुळगुळीत झालेली ओळ आहे.

आता खेकड्याकडे वळू. १८७६ साली जर्मनीत गेओर्ग लेडरहोजे नावाच्या तरुण संशोधकानं लॉब्स्टरचं, म्हणजे खेकड्याच्याच गोत्रातल्या प्राण्याचं, कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं आणि त्यातून स्फटिक मिळवले. तेच ग्लुकोसामाइन. आपल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, जे मोठे रेणू असतात त्यांच्या घडणीत हा पदार्थ लागतो. मग तर्क सरळ: गादी झिजली, तर गादीचा कच्चा माल खायला द्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ते औषध म्हणून वापरात आलं. अमेरिकेत १९९४ साली आहारपूरकांचा वेगळा कायदा झाला आणि तिथं ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानाच्या फळीवर आलं. रोग बरा करतो असं म्हणायचं नाही, शरीराच्या अमुक भागाला आधार देतो असं म्हणायला हरकत नाही, अशी त्या कायद्याची सोय. आपली १९५४ची पळवाट त्यांनी १९९४मध्ये कायद्यातच लिहून ठेवली म्हणा ना!

आमचा खेकड्याचा रस्सा आणि ही कॅप्सूल यांत नातं आहे, पण जवळचं नाही. कवचातलं कायटिन नुसत्या उकळत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला आम्लच लागतं. रश्श्यातून ग्लुकोसामाइन मिळेल असं समजू नका. आणि गावात माळकरी पुष्कळ. त्यांच्यासाठी एक सूचना. कॅप्सूलमधलं ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांचं असतं आणि कोलॅजन हे प्राण्याच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांचंच असतं. डब्यावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बघून घ्या. बुरशीपासून बनवलेलं शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळतं.

तर पुणे. १९९०च्या आसपास इथल्या काही लोकांनी एक साधा, पण आपल्याकडे क्वचित विचारला जाणारा प्रश्न विचारला: वैद्यांच्या या वनस्पती गुडघ्यावर खरोखर काम करतात का, आणि ते दाखवायचं कसं? १९९१ साली आर. आर. कुलकर्णी, पी. एस. पत्की, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्त यांचं मिश्रण, संधिझिजेचे ४२ रुग्ण. निम्म्यांना आधी औषध, निम्म्यांना आधी तशीच दिसणारी रिकामी गोळी. तीन महिन्यांनी पंधरा दिवस थांबून अदलाबदल. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दुखणं स्पष्ट कमी झालं. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला.

हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतोय. दुखणं कमी झालं, एक्स-रे तसाच राहिला. २००३ साली नागपूरच्या डॉक्टरांनी नुसत्या सालईच्या अर्काची ३० रुग्णांवर अशीच चाचणी केली. गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं, सूज कमी वेळा आली. एक्स-रे? तिथंही बदल नाही. ‘झिजलेली गादी पुन्हा भरून येते’ असं जे तुम्हाला दुकानात तोंडी सांगितलं जातं, त्याला या चाचण्यांतून आधार मिळत नाही. दुखणं कमी होणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सालईबद्दल थोडं, कारण विदर्भातल्या श्रोत्यांना हे झाड घरचं आहे. सातपुडा, मेळघाट इथल्या कोरड्या डोंगरांवर सालई वाढते. खोडाला चीर दिली की सुगंधी राळ येते. धूप म्हणून ती जाळतात, आणि संस्कृतात तिचं नाव शल्लकी. याच झाडाचं लाकूड सीमेपलीकडे नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राच्या कागदासाठी लगद्यात जायचं! १९८६ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या जी. बी. सिंह आणि सी. के. अटल यांनी राळेच्या अर्काचा दाहशामक गुण मांडला आणि पुढे जर्मनीत तिच्यातल्या आम्लांवर काम झालं. आज तीच सालई ‘बॉसवेलिया’ या नावानं परदेशी डब्यात बसून माणच्या फळीवर परत आलेली आहे.

पुण्यातलं पुढचं काम ज्यांच्या नावाशी जोडलेलं आहे ते संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा. १९९६ साली त्यांच्या गटानं उजनीच्या पाणलोटाकाठच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन विचारलं, तुमचं काय दुखतं? ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. १८.२ टक्के लोकांना हाडा-स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं, ५.८ टक्क्यांना संधिझीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या कार्यक्रमाचा तो भाग होता. गुडघेदुखी म्हणजे शहरातल्या बसून राहणाऱ्यांचा आजार, असं म्हणणाऱ्यांनी भिगवणचे हे आकडे बघावेत.

मग चोप्रांच्या गटानं आयुर्वेदिक मिश्रणाची परीक्षा सुरू केली आणि त्यातला २०००चा निकाल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो यशाचा नसूनही. आमवाताचे १८२ रुग्ण, सोळा आठवडे. औषध घेतलेले सुधारले. पण रिकामी गोळी घेतलेलेही इतके सुधारले की, सांध्यांची सूज सोडली तर, दोघांतला फरक सिद्ध झाला नाही. आणि त्यांनी तो तसाच छापला. कुणीतरी आपुलकीनं विचारतंय, दर काही आठवड्यांनी तपासतंय, याचाच दुखण्यावर केवढा परिणाम होतो! ‘मला तर गुण आला’ असं जेव्हा शेजारची काकू सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला गुण आलेलाच असतो. तो डब्यानं आला का, हे तिला एकटीला कळायला मार्ग नसतो.

याच सुमाराला डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक होते. १९९७ साली हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द झालं, ती लढाई तुम्हाला ठाऊक आहे; ते पेटंट जखमा भरण्याबद्दलचं होतं, सांध्यांबद्दलचं नव्हतं, पण त्यातून एक धडा सगळ्यांनी घेतला की आपलं ज्ञान आपणच कागदावर सिद्ध केलं पाहिजे. सीएसआयआरच्या ‘न्मितली’ या सहस्रक योजनेत संधिवाताचा प्रकल्प आला. वैद्य, आधुनिक डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले. आधी २४५ रुग्णांची सात गटांत चाचणी झाली, त्यातून निवडलेली दोन मिश्रणं पुढे गेली. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई. बघा, सगळी नावं स्वयंपाकघर आणि परसातली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे, चार गट: दोन आयुर्वेदिक मिश्रणं, एक ग्लुकोसामाइन, एक सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. २०१३ साली ब्रिटनच्या ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात निकाल आला. दुखणं आणि हालचाल, दोन्हींत चारही गट बरोबरीचे.

बातम्यांत मथळे काय आले असतील याची कल्पना तुम्ही करू शकता. पण जरा थांबू.

२००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यात रिकाम्या गोळीनं ६०.१ टक्के लोकांचं दुखणं ठरलेल्या प्रमाणात कमी झालं. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांत ६६.६ टक्के, हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणता येण्याइतका नव्हता. सेलेकॉक्सिबचे ७०.१ टक्के आले, तो फरक खरा ठरला. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात मिश्रणाचा फायदा दिसला, पण एकूण निकाल निराशेचाच. मग पुण्याच्या चाचणीत सुंठ-गुळवेलीचं मिश्रण ग्लुकोसामाइनच्या बरोबरीचं ठरलं, यावर किती खूश व्हायचं? सेलेकॉक्सिबच्या बरोबरीचं ठरलं, ही नक्कीच वजनदार गोष्ट आहे. पण त्या ४४० जणांत रिकाम्या गोळीचा गटच नव्हता. बरोबरी सगळ्यांच्या गुणाची होती की काही अंशी सगळ्यांच्या आशेची, हे त्या एका चाचणीतून वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर काहीतरी गुण आहे, सालईच्या बाबतीत नक्की वाटतो. फक्त तो डब्यावरच्या चित्रातल्या पळणाऱ्या आजोबांएवढा नाही.

आणि त्याच शोधनिबंधात आणखी एक ओळ आहे. २६ रुग्णांच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलेलं आढळलं. त्रास कुणाला नव्हता. आयुर्वेदिक गटांतल्या सात जणांचं औषध थांबवलं, मग आकडा पूर्ववत झाला. संशोधकांनी स्वतःच लिहिलं की सुरक्षिततेची आणखी तपासणी हवी. दर भेटीला रक्त तपासलं जात होतं म्हणून हे कळलं. माणच्या फळीवरून डबा घेऊन जाणाऱ्या बाईचं एसजीपीटी कोण तपासतंय?

आता दुसरी ओळ. २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला आणि त्याखाली २०१६ साली आरोग्यपूरक आणि न्यूट्रास्युटिकल यांचे नियम निघाले, ते २०१८पासून लागू झाले. हे डबे अन्न ठरले. अन्न असल्यामुळे औषधासारखी चाचणी करून गुण सिद्ध करायची गरज उरली नाही, आणि त्याची कबुली म्हणून ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणं सक्तीचं झालं. तीच सालई आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावरही विकता येते आणि अन्नाच्या परवान्यावरही. आपल्या राज्यात खात्याचं नावच अन्न व औषध प्रशासन आहे, पण गिऱ्हाइकाला आपण कुठल्या टेबलावरची वस्तू घेतोय हे कळत नाही. पुण्यात चाचणी झाली ती ठरावीक प्रमाणित अर्काची, ठरावीक मात्रेत. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ हे शब्द मात्र त्याच वनस्पतीचं नाव असलेल्या कुठल्याही डब्यावर जाऊन बसतात.

गुग्गुळाचं काय झालं तेही सांगायला हवं. जास्त राळ मिळावी म्हणून झुडपाला इतक्या खोल चिरा दिल्या गेल्या की झुडपंच मेली. आज ही वनस्पती जगाच्या नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींच्या यादीत, सगळ्यांत बिकट गटात आहे.

आत्याला मी शेवटी काय सांगितलं, हे विचारणारे बरेच मेसेज येणार, म्हणून आधीच सांगतो. ती रक्त पातळ करायची गोळी घेते. ग्लुकोसामाइननं त्या गोळीचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून डबा घेऊन आधी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी डबा बंद केला, मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम लिहून दिले आणि वजन थोडं उतरवायला सांगितलं. आत्याचं म्हणणं, “एवढ्यासाठी पाचशे रुपये घेतले?” व्यायाम ती करते, रोज नाही. थंडीत डिंकाचे लाडू केले होते, त्यातले दोन मलाही आले.

पुढच्या भागात धूतपापेश्वर आणि पनवेलच्या कारखान्याबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरी जुन्या औषधांच्या बाटल्या, लेबलं किंवा किंमतपत्रकं असतील, तर फोटो काढून पाठवा.